विल्फचं नाक

होल्डरशॉ, यॉर्कशर
रविवार, २४ ऑगस्ट २००३

प्रिय क्लेम,

तू खुशाल असशील असं धरून चालते. तिकडे न्यूझीलंडात थंडी सरत आली असेल आणि हॉप्सच्या वेलांसाठी दोऱ्या बांधायची घाई चालू असेल. इकडे यंदा उन्हाने कहर केला. माळावरचं धरण इतकं आटलंय की पाण्याखाली गेलेल्या शेतांच्या दगडी भिंती वर आल्यात, आणि लोक रविवारी सँडविचं बांधून त्या बघायला जातात. घेवड्याला पाणी घालून घालून माझा उजवा गुडघा कुरकुरायला लागलाय. बाकी ठीक.

एकवीस वर्षांत आपण एकमेकांना एक ओळ लिहिली नाही, आणि मी घेवड्याचं सांगत बसलेय. हसू नकोस. सुरुवात कुठून तरी करायलाच हवी ना.

विल्फ गेल्याचं मार्चमध्ये पाद्र्याकरवी कळवलं होतं, ते पोचलं असणार. भाऊ गेला तरी तू आला नाहीस, याबद्दल माझी तक्रार नाही. ती करायचा हक्क निदान मला तरी नाही. त्याला चर्चमागच्या उतारावर ठेवलाय, तुमच्या आईशेजारी. शेवटचे दोन महिने छातीने फार छळलं, पण डोकं शाबूत होतं. टीझल पब आम्ही चार वर्षांपूर्वीच सोडला होता, तरी नव्या मालकाने त्या दिवशी दुपारपर्यंत दार बंद ठेवलं. सगळे टोप्या काढून उभे होते. ‘होल्डरशॉचं नाक गेलं,’ असं कुणीतरी म्हणालं. विल्फला आवडलं असतं ते.

आता लिहायचं कारण. मंगळवारी ह्युबर्ट सगडन आला होता. आठवतो ना? पोस्टातला, मान तिरकी करून बोलायचा. आता तो पिंपातली बिअर पारखणाऱ्या आपल्या एल मंडळाचा चिटणीस आहे आणि मान जास्तच तिरकी झालीय. विल्फचा अध्यक्षाचा बिल्ला आणि चाखणीच्या वह्या न्यायला आला होता. तेवीस वह्या. पहिली उघडून बसला, मग दुसरी, मग एकदम शेवटची.

“थर्झा, हे अक्षर तर तुझं.”

“तो सांगायचा, मी लिहायचे.”

“इतकी वर्षं?”

“त्याचं अक्षर त्याला तरी लागायचं का? चहा घे, गार होतोय.”

त्याने चहा घेतला. मग म्हणाला, यंदाचा मेळा चार ऑक्टोबरला. पंधरा मैलांच्या आतले नऊ छोटे बिअरवाले, सगळे स्वतंत्र, कुणाही कंपनीच्या दावणीला न बांधलेले. त्यांच्या चौदा एल. यंदा निकालाला वजनही भारी, कारण खोऱ्यातले सगळे पब त्यावरूनच हिवाळ्याची बिअर ठरवणार आहेत. आणि परीक्षकांच्या टेबलावर विल्फची खुर्ची रिकामी ठेवायची, मान म्हणून.

“रिकामी कशाला?” मी म्हटलं. “मी बसते.”

क्लेम, तो इतका हसला की बिस्किटाचा चुरा माझ्या गालिच्यावर पडला.

“अगं बाई, ओतणं वेगळं आणि पारखणं वेगळं. तुझ्यासारखं ओतणारं माणूस या खोऱ्यात झालं नाही, त्यात वाद नाही.”

“मला पारखता येत नाही असं कुणी सांगितलं तुला?”

“येतं असं तरी कुणी सांगितलं?”

तो म्हणाला ते खरं होतं. कुणीच सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच नाही.

शेवटी ठरलं असं: तेरा सप्टेंबरला टीझलच्या वरच्या खोलीत आठ ग्लास मांडायचे. नाव नाही, खूण नाही. कुठली एल कुणाची ते मी सांगायचं. “सहा ओळखलीस तर खुर्ची तुझी,” ह्युबर्ट म्हणाला. “आठ,” मी म्हटलं. बोलून गेले खरी. अडुसष्ट वर्षांची बाई मी, हे काय करून बसले!

१९८२ चं मी इथे काढत नाही. कागदही संपत आलाय.

तुझी वहिनी,
थर्झा

ता. क. कागद संपलेला नाही. पण आज एवढंच.


होल्डरशॉ
रविवार, १४ सप्टेंबर २००३

प्रिय क्लेम,

तुझं उत्तर नाही. तरी लिहितेय, कारण ही बातमी पोटात ठेवली तर मी फुटेन. आठापैकी आठ!

थांब, नीट सांगते. काल दुपारी तीनला वर गेले तर खोलीत निम्मं गाव. ह्युबर्ट, पॉग्सन खाटीक (दुकान मुलाला दिलंय, पण हात अजून तसेच), मंडळाची झाडून सगळी माणसं, आणि खाली जागा असूनही वर येऊन बसलेले बाकीचे. ग्लासांवर बशा झाकलेल्या. मी निळा कोट घातला होता. अत्तर नाही, पावडर नाही, आणि सकाळपासून नुसता पाव आणि पाणी.

पहिला सोपा होता. बेक लेनच्या भट्टीची माइल्ड: काळसर, गोडसर, करपता करपता वाचलेल्या टोस्टच्या कडेसारखी. दुसरा गिळल्यावर जीभ खडू चाटल्यासारखी कोरडी पडली. आमच्या माळावरच्या मऊ पाण्याने असं होत नाही. चुनखडीच्या विहिरीवर बिअर बनवणारे एकच, स्कार टॉपवाले. तिसरा आणि चौथा दोन्ही ओल्ड टेंटरचे. बार्लीचा माल्ट एकच, पण एकात हॉप्सची फुलं शेवटी टाकलेली, त्याला संत्र्याच्या मुरंब्याचा वास, आणि दुसऱ्याला कापलेल्या गवताचा. पाचव्यात पिकलेली नाशपाती. हेझलहर्स्टचं यीस्ट, दुसऱ्या कुणाचं नाही. सहावी बेक लेनचीच काळी पोर्टर, कारण तो टोस्ट तिथेही होता, फक्त यावेळी खरंच करपलेला.

सातव्याला अडले. वास घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. मागे कुणीतरी खोकलं.

“ही मी जन्मात प्यायलेली नाही,” मी म्हटलं.

“झालं तर मग,” ह्युबर्ट खडूने फळ्यावर रेघ मारायला वळला.

“माझं बोलणं संपू दे. मी न प्यायलेली एल या खोऱ्यात एकच आहे. जुन्या अग्निशमन केंद्रात ती पोरं बनवतात, टॅम्सिन आणि जोएल क्रॅबट्री. टिटवीचं नाव दिलंय त्यांनी तिला, लॅपविंग. मध घातलेला नाही, पण मधाचा भास होतो. मग हळूच कडूपणा येतो, घाई नाही. पोरांना काम येतं.”

आता राहिला आठवा. मी बशी काढली, एक घोट घेतला आणि ह्युबर्टकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

“ह्युबर्ट, हा दुसराच ग्लास आहे. स्कार टॉप. खिडकीत उन्हात ठेवून कोमट केलास, एवढंच. वयाने माणूस लबाड होतो म्हणतात, पण तू पहिल्यापासूनच असशील.”

पॉग्सनने टेबलावर असा हात मारला की बशा उडाल्या. “सगडन, खुर्चीवरची धूळ पूस!” सगळ्यांनी पाय आपटले. खाली पबात वाटलं छत कोसळतंय. क्लेम, मला आयुष्यात टाळ्या मिळाल्या त्या लग्नात केक कापताना. काल दुसऱ्यांदा मिळाल्या, आणि या माझ्या एकटीच्या होत्या.

मग ह्युबर्टने विचारलं, “शिकलीस कुठे हे?”

आणि मी काय म्हणाले ठाऊक आहे? “विल्फकडून.”

पुन्हा टाळ्या. विल्फसाठी. त्याच्या नावाने सगळ्यांनी ग्लास उचलले. मी पण उचलला. घरी आले आणि जेवणच गेलं नाही.

म्हणून आता तुला सांगते, जे आजवर कुणाही जिवंत माणसाला सांगितलं नाही. १९७४ च्या नोव्हेंबरात विल्फ तळघराच्या पायऱ्यांवरून पिंपासकट पडला, ते तुला आठवत असेल. तू इस्पितळात द्राक्षं घेऊन आला होतास आणि निम्मी स्वतःच खाल्लीस. डोक्याच्या मागच्या बाजूला मार होता. जखम भरली, पण वास गेला. पुरता गेला. स्वयंपाकघरात गॅस सुटलेला त्याला कळायचा नाही. जिभेला गोड, कडू, आंबट, खारट एवढंच कळायचं. बाकी सगळं, नाशपाती, मुरंबा, टोस्ट, गवत, जे नाकाचं असतं ते सगळं संपलं. आणि पंधराच दिवसांपूर्वी त्याला एल मंडळाचा अध्यक्ष केलेलं. ‘विल्फचं नाक’ म्हणून त्याचं नाव हॅलिफॅक्सपर्यंत पोचलं होतं. बिछान्यावर बसून तो रडला. मी त्याला तसा कधी बघितला नव्हता. मी म्हटलं, नाक माझं घे.

आमच्या खुणा टॉवेलच्या होत्या. चाखणीच्या वेळी मी ग्लास द्यायला जवळपास असायचेच. आधी तळघरात एक घोट मी घ्यायचे. टॉवेल खांद्यावर, म्हणजे उत्तम. हातात, म्हणजे बरी. बेसिनच्या काठावर टाकला, म्हणजे बाद. बाकीचं बोलणं विल्फ आपल्या मनाने रचायचा, आणि ते तो झकास रचायचा. मग वरच्या खोलीत आम्ही वही लिहायला बसायचो. मी वास सांगायचे, तो शब्द शोधायचा. यात लबाडी होती हे आता दिसतं. तेव्हा ती लबाडी वाटली नाही, संसार वाटला.

आता तुझ्या मनात काय येईल ते मला ठाऊक आहे. ते विचारू नकोस, निदान एवढ्यात तरी.

वहिनी,
थर्झा


होल्डरशॉ
रविवार, ५ ऑक्टोबर २००३

प्रिय क्लेम,

तुझं कार्ड गुरुवारी आलं. पुढे हॉप्सचा मळा, मागे एकच ओळ: ‘मग तो निकाल कुणाचा होता?’ ना प्रिय, ना तुझा.

उत्तर आधी देते, मग बाकीचं. तुझ्या बिअरवरचा तो १९८२ चा निकाल माझा होता.

कार्ड मी कोटाच्या खिशात ठेवलं आणि काल ते तसंच घेऊन मेळ्याला गेले. काल जे झालं ते ऐकल्याशिवाय तुला माझा कबुलीजबाब अर्धाच कळेल, म्हणून ते सांगते. आणि खरं सांगायचं तर मला ते सांगायची हौसही आहे. दोन्ही एकाच पत्रात बसवायला माझी लाज आड येत नाही, एवढी मी काल बदलले.

नगरभवनाच्या मोठ्या खोलीत चौदा पिंपं लाकडी घोडीवर मांडली होती, ओली पोती पांघरून. दारं बाराला उघडायची, आम्ही अकरालाच बसलो. पाच जण: ह्युबर्ट, पॉग्सन, दोघं शेजारच्या गावचे, आणि विल्फच्या खुर्चीत मी. बिअरवाले भिंतीला टेकून उभे, लग्नाच्या वयाच्या मुलींचे बाप उभे राहतात तसे. टॅम्सिन क्रॅबट्री आणि जोएल अगदी कोपऱ्यात. जोएलने यासाठी बसचालकाची नोकरी सोडलीय. तिने दोन्ही हात बगलेत दाबून धरले होते.

दहा ग्लास सुरळीत गेले. अकरावा आला.

पॉग्सनने नाकाशी धरला आणि लांब केला. “ओल्या पोत्याचा वास मारतोय.” दुसऱ्याने मान हलवली. “कुबट.” ह्युबर्टने तर घोटही घेतला नाही. कागदावर फुली मारली आणि पुढचा ग्लास मागवला. मी वास घेतला. ते तिघं खरं सांगत होते. कुबट, ओल्या पोत्याचा, तळघरात विसरलेल्या फडक्याचा वास. आणि कोपऱ्याकडे न बघताही मला कळलं की ही कुणाची एल आहे, कारण त्या वासाच्या खाली, पार तळाशी, मधाचा तो भास होता.

क्लेम, तुझ्या भट्टीच्या थॉर्नक्लफ बिटरलाही मी हेच लिहिलं होतं. शब्द न शब्द. ‘कुबट. ओल्या पोत्याचा वास. पिण्याजोगी नाही.’

“ह्युबर्ट,” मी म्हटलं, “याच पिंपातून अजून चार ग्लास काढायला सांग. लागोपाठ.”

“एक ग्लास, एक निकाल. नियम आहे.”

“कुणाचा?”

“तुझ्याच नवऱ्याचा.”

“तो नियम विल्फने केला नाही. मी केला. त्याने फक्त वाचून दाखवला.”

“थर्झा, आज काय झालंय तुला? बस खाली.”

मी बसले नाही. माझा आवाज मोठा नाही, तुला ठाऊक आहे, पण काल तो त्या खोलीच्या पार छपरापर्यंत गेला. मी म्हटलं, तुम्ही ज्या नाकासाठी तीन आठवड्यांपूर्वी ग्लास उचललेत, त्या नाकाला १९७४ पासून वास येत नव्हता. मंडळाचे सगळे निकाल माझे आहेत. तेवीस वह्यांत अक्षर माझं आहे, कारण जीभही माझीच होती. आणि त्यातला एक निकाल खोटा आहे, तो मला ठाऊक आहे, आणि तो मी आज दुसऱ्यांदा होऊ देणार नाही.

ह्युबर्टने हातातली पेन्सिल खाली ठेवली.

मग मी त्यांना सांगितलं, आणि तुलाही तेच सांगते. १९८२ च्या सप्टेंबरात, गुरुवारी चाखणी होती. तुझं पिंप बिअर ओढायच्या ज्या हातपंपाला जोडलं, त्याची नळी आठवडाभर बंद पडून होती. ती धुवायचं काम माझं. मी दर मंगळवारी धुवायचे, तीस वर्षांत एरवी कधी चुकले नाही, आणि त्याच आठवड्यात चुकले. कारण? मंडळाच्या पत्रकासाठी फोटो काढणारा येणार होता म्हणून मी केस करून घ्यायला गेले होते. परत आल्यावर घाईत नळीत नुसतं पाणी फिरवलं. पहिला ग्लास मी चाखला आणि टॉवेल बेसिनच्या काठावर टाकला. विल्फने तो बघितला. पहिल्यांदा बघून न बघितल्यासारखं केलं त्याने, क्लेम. मी पुन्हा उचलून पुन्हा टाकला. मग तो बोलला: बाद.

शुक्रवारी सकाळी मी तो पंप ओढला, उरलेली बिअर फेकून द्यायला. एक, दोन, तीन. चौथ्या ग्लासाला वास विरळ झाला. पाचवा स्वच्छ. पाचवा ग्लास मी उभ्याने पूर्ण प्याले. त्या वर्षी होल्डरशॉत त्याहून चांगली बिअर नव्हती.

पत्रक छापायला शनिवारी जायचं होतं. माझ्या हातात अख्खा दिवस होता. मी गप्प राहिले. बोलले असते तर नळी का धुतली नाही हे निघालं असतं, मग चाखलं कुणी हे निघालं असतं, मग विल्फचं नाक. घाबरले, हे एक. पण दुसरंही आहे आणि ते जास्त वाईट आहे. माझी जीभ चुकली हे मला कबूल करवत नव्हतं. ती जीभ माझी आहे हे एकाही माणसाला ठाऊक नसताना मला तिचा एवढा गर्व होता. नाताळपर्यंत तीन पबांनी तुझी पिंपं परत पाठवली आणि वसंतात तू न्यूझीलंडची वाट धरलीस.

हे सगळं मी नगरभवनात उभी राहून सांगितलं. केस करून घेतल्याचंसुद्धा.

पहिला बोलला तो पॉग्सन. “जोएल, पोरा, काढ रे चार ग्लास.”

“पॉग्सन, नियम...” ह्युबर्ट म्हणाला.

“नियम करणारी बाई समोर उभी आहे ना! तीच मोडतेय.”

जोएलने ग्लास धरले आणि तोटी टॅम्सिनने फिरवली. दुसरा ग्लास कुबट. तिसरा थोडा कमी. चौथा मी ह्युबर्टच्या नाकाखाली धरला. त्याने मान सरळ केली, आयुष्यात पहिल्यांदा बहुतेक. पाचवा त्याने स्वतः उचलला, वास घेतला, घोट घेतला, आणखी एक घेतला.

“स्वच्छ आहे,” तो म्हणाला. “पिंप खराब असतं तर पाचवाही पहिल्यासारखाच आला असता.” मग पिंपापाशी जाऊन त्याने तोटीवर बोट फिरवलं. बोट काळं. तोटी मंडळाचीच, गेल्या वर्षी वापरून न धुता पेटीत ठेवलेली. “ही चूक माझी,” तो सगळ्यांसमोर म्हणाला. त्या माणसाबद्दल मी तुला जे काही वाकडं लिहिलं असेल त्यातलं निम्मं खोड.

नवी तोटी लावली आणि पिंप तासभर स्थिर होऊ दिलं. बाहेर रांग बडबडत होती. आम्ही अकरावा ग्लास नव्याने चाखला, मग बाकीचे तीन, आणि दारं बाराऐवजी एकला उघडली.

निकाल: लॅपविंग पहिली. स्कार टॉपची बिटर दुसरी, अर्ध्या गुणाने. तुला म्हणून सांगते, माझ्या कागदावर क्रम उलटा होता. मी स्कार टॉपला पहिला नंबर दिला, कारण काल तीच सरस होती, आणि आता माझ्या जिभेने कुणावर उपकार करायचे नाहीत असं मी ठरवलंय. बाकीच्या चौघांनी लॅपविंग वर नेली. बरं केलं. नाव पुकारलं तेव्हा टॅम्सिन खाली बसली, सरळ जमिनीवर, आणि जोएल सगळ्यांना उगाचच “थँक यू, थँक यू” म्हणत सुटला, पिंपांनासुद्धा म्हणाला असेल. मग ती उठून माझ्याकडे आली.

“मिसेस बॅराक्लफ, तुम्ही हे आमच्यासाठी केलंत...”

“तुमच्यासाठी नाही गं, बाई,” मी म्हटलं. “तुम्ही मध्ये सापडलात.”

तिने मला असं घट्ट धरलं की निळ्या कोटाचं बटण तुटलं.

मला वाटलं होतं लोक माझ्याशी बोलणार नाहीत. काहीजण बोलले नाहीतच. म्हातारा एक म्हणाला, विल्फला मेल्यावर नागवं केलंस. ते लागलं. पण दुपारभर माणसं माझ्याकडे ग्लास घेऊन येत होती. “थर्झा, यात काय आहे सांग ना?” आणि मी सांगत होते. टॉवेल नाही, खूण नाही. तोंडाने. मोठ्याने. पाच वाजता मंडळाची सभा झाली आणि हात वर करून मला अध्यक्ष केलं. एकच हात वर नव्हता, त्या म्हाताऱ्याचा. ह्युबर्टने बिल्ला लावून दिला, बोटाला टोचून घेतलं आणि शिवी दिली.

हिवाळ्याच्या पत्रकात पहिल्या पानावर चौकट येणार आहे. मजकूर मी आज सकाळी लिहिला, ह्युबर्टने एक शब्द बदलला नाही: ‘सप्टेंबर १९८२ चा थॉर्नक्लफ बिटरवरचा निकाल चुकीचा होता. दोष बिअरचा नव्हता, टीझल पबच्या न धुतलेल्या नळीचा होता. तो निकाल थर्झा बॅराक्लफ हिने दिला आणि चूक ठाऊक असून लपवली. क्लेमंट बॅराक्लफ यांची बिअर उत्तम होती.’ छापून आलं की पाठवते. तुझी भट्टी यातून परत उभी राहणार नाही, हे मला कळतं.

आता शेवटचं, आणि हे मी काल त्यांना सांगितलं नाही, कारण ते फक्त तुझं आहे.

विल्फला नळीचं ठाऊक नव्हतं. त्यालाही मी सांगितलं नाही. तू गेल्यावर दर नाताळला, पाहुणे पांगले की, तो मला विचारायचा, “थर्झा, क्लेमच्या बिअरला खरंच वास होता का गं?” आणि मी म्हणायचे, “होता.” वीस नाताळ. या फेब्रुवारीत, इस्पितळात, नाकात नळी असताना त्याने पुन्हा विचारलं. मी त्याचा हात धरून म्हटलं, “होता.” त्याने मान हलवली. तुझ्याविरुद्ध त्याने जे काही छापलं ते माझ्यावर विश्वास ठेवून. तुझा भाऊ तुझ्याशी कधीच वाईट वागला नाही, क्लेम. तू एकवीस वर्षं चुकीच्या माणसाचा राग केलास, आणि तो करू दिला मी.

काल मी जिंकले. खोटं कशाला बोलू, आज सकाळी आरशात बघून मला स्वतःचं कौतुक वाटलं. आणि त्याच तोंडाने हेही सांगते की तुझ्यापुढे आणि विल्फपुढे मी हरलेलीच आहे. दोन्ही खरं आहे. कुठलंही एक कमी करून मला सांगता येत नाही.

माफी मागत नाही. मागितली की तुला ती द्यावी तरी लागते, नाही तर नाकारावी तरी लागते, आणि ते ओझं तुझ्यावर कशाला. तुला मला लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस. पण त्याला लिही. विल्फच्या नावाने पाठव, पत्ता माझाच घाल. मी चर्चमागच्या उतारावर जाऊन त्याला वाचून दाखवीन, माझ्याबद्दल काहीही लिहिलं असलंस तरी, एकही शब्द न गाळता.

तुम्हा दोघा भावांमध्ये जी उभी राहिली, आणि आता बाजूला सरतेय,
ती तुझी वहिनी,
थर्झा बॅराक्लफ